एका पॉईंटवर अडलेल्या पोरीबद्दल, टेनिस चालवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या टेनिसचे निर्णय घेणारे पदाधिकारी, क्रीडा अधिकारी, निवड समित्यांवर बसणारी मंडळी आणि खेळासाठी पैसा देणाऱ्या कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी माझी एक विद्यार्थिनी कोर्टवर आली, खांद्याला किटबॅग पण पायात चप्पल. कोर्टवर ती कधी चप्पल घालून येत नाही, त्यामुळे मला तिथेच कळलं. बॅगेतून दोन रॅकेट काढल्या, एकीचं गटिंग, म्हणजे जाळीची तार, तुटलेलं आणि तिने ते तसंच ठेवलेलं, म्हणाली ताई या लहान बॅचमधल्या कुणाला तरी द्या, मी आता बी.कॉम.चं शेवटचं वर्ष नीट करते. वय वर्षं 19. नऊ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे खेळते, वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे, मागच्या दीड वर्षात त्यांनी तिच्या प्रवासासाठी आधी एफडी मोडली, मग घरातलं सोनं गहाण टाकलं, आणि आता काही उरलं नाही असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं, तेही इतकं ओशाळून की जणू त्यांचीच चूक झालीय.

ती का थांबली हे कळायचं तर आधी जागतिक यादीत नाव कसं येतं ते सांगावं लागेल. डब्ल्यूटीए म्हणजे महिला टेनिसची जागतिक संघटना, तिच्या यादीत यायला तीन वेगवेगळ्या स्पर्धांमध्ये पॉईंट लागतात, नाहीतर एकूण दहा पॉईंट तरी. सगळ्यात खालची स्पर्धा म्हणजे डब्ल्यू15, सगळ्या खेळाडूंचं मिळून बक्षीस 15 हजार डॉलर. तिथे मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पहिल्याच फेरीत हरलात तर पॉईंट शून्य, एक मॅच जिंकलीत तर एक, क्वार्टर फायनलला पोचलात तर तीन, आणि अख्खी स्पर्धा जिंकलीत तर 15. हे पॉईंट 52 आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. माझ्या पोरीकडे दोन स्पर्धांचे मिळून चार पॉईंट आहेत, एकीत दुसरी फेरी आणि एकीत क्वालिफाईंग, म्हणजे मेन ड्रॉच्या आधीच्या पात्रता फेऱ्या, खेळून थेट क्वार्टर. म्हणजे अजून एका स्पर्धेत मेन ड्रॉची एक मॅच, फक्त एक मॅच जिंकली की तिचं नाव जगाच्या यादीत.

त्या एका स्पर्धेसाठी तिने मदतीचा अर्ज केला होता. अर्ज परत आला. कारण काय लिहिलं होतं, अर्जदाराचं आंतरराष्ट्रीय रँकिंग नाही. कुठलं ऑफिस, कुठली योजना, कुणाची सही हे मी इथे लिहीत नाही, कारण कुणा एका माणसाबद्दल माझी तक्रार नाहीये आणि ज्या क्लार्कने ते पत्र टाईप केलं त्याने नियमाप्रमाणेच केलं. माझं म्हणणं त्या नियमाबद्दल आहे. रँकिंग असेल तरच पैसे मिळणार आणि पैसे असतील तरच रँकिंग मिळणार, मग सुरुवात करायची कुठून हे तुम्हीच सांगा.

मी स्वतः यातून गेलेय म्हणून बोलतेय. 2011 ते 2014 मी आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनच्या, स्पर्धा खेळले, तेव्हा सगळ्यात खालची स्पर्धा दहा हजार डॉलरची असायची. तुर्कस्तानात अंतल्याला सलग पाच आठवडे राहिले होते, एकटी, कारण बाबांना रजा नव्हती आणि दोघांचं तिकीट परवडणारं नव्हतं. रात्री बेसिनमध्ये कपडे धुवायचे, पंख्याखाली वाळत घालायचे, नाश्त्याच्या बुफेतली दोन उकडलेली अंडी आणि ब्रेड नॅपकिनमध्ये बांधून दुपारसाठी ठेवायचे, गटिंग तुटू नये म्हणून प्रॅक्टिसला मुद्दाम हळू मारायचे. असं खेळून कुणी जिंकत नाही. मी जागतिक यादीत नऊशेच्या आसपास अडकले आणि 22 व्या वर्षी परत आले. पतसंस्थेचं जे कर्ज बाबांनी काढलं होतं त्याचा शेवटचा हप्ता मी 2019 ला भरला, कोचिंगच्या पैशातून. त्यावर मी कधी कुठे बोलले नाही, पण आता माझ्या हाताखालची पोर त्याच जागी येऊन थांबली तेव्हा गप्प बसवत नाहीये.

आता तुम्ही म्हणाल की पोरी थांबतात म्हणजे त्यांच्यात दम नसतो. मी सोलापूर जिल्ह्यातली आहे, आणि आमच्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे 20 वर्षांची असताना 2014 ला इंचॉनच्या एशियन गेम्समध्ये सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं ब्राँझ घेऊन आली, आणि 2016 ला त्याच जोडीने रिओ ऑलिम्पिक खेळली. बार्शी! जिथे टेनिस म्हटलं की लोक टेनिस बॉलचं क्रिकेट समजतात त्या तालुक्यातून. त्या वर्षी माझ्याकडे चौकशीला जेवढे आईबाप आले तेवढे आधी कधी आले नव्हते. पोरी आमच्याकडे आहेत, हात आहेत, जिद्द आहे.

पण प्रत्येकीचं करिअर नीट बघितलं ना, तर एकच गोष्ट दिसते, उशीर. अंकिता रैनाचं बघा. अहमदाबादची मुलगी, टेनिससाठी पुण्यात येऊन राहिली, हेमंत बेंद्रे सरांकडे घडली. 2018 ला एशियन गेम्सचं एकेरीचं ब्राँझ, त्याच वर्षी फेड कप या महिलांच्या देशादेशांच्या सांघिक स्पर्धेत कझाकस्तानच्या युलिया पुतिन्त्सेवाला हरवलं, 2020 च्या मार्चमध्ये एकेरीत जागतिक यादीत 160 पर्यंत गेली तेव्हा वय 27. जानेवारी 2021 ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वालिफाईंगमध्ये शेवटच्या फेरीत हरली, मेन ड्रॉच्या दाराशी जाऊन. ग्रँड स्लॅमचा मेन ड्रॉ तिने पहिल्यांदा खेळला तो दुहेरीचा, 28 व्या वर्षी, आणि त्याच महिन्यात मेलबर्नलाच डब्ल्यूटीएचं दुहेरीचं विजेतेपद घेतलं. इतकी चिवट मुलगी मी दुसरी बघितली नाही. तिच्या विशीतली पहिली चारपाच वर्षं जी खालच्या स्पर्धांमध्ये हिशोब जुळवत गेली ती जर थोडी सोपी झाली असती तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि ऋतुजा भोसले. 30 सप्टेंबर 2023, हांगझोऊ, रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची फायनल, पहिला सेट 2-6 गेला, मग 6-3, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉईंटचा सुपर टायब्रेक 10-4. गोल्ड. आमच्या क्लबच्या ऑफिसात एका मोबाईलवर आम्ही अकरा जणी बघत होतो, बॅटरी संपत आलेली आणि चार्जरची वायर धरून एक पोर उभी होती कारण वायर सैल होती. ऋतुजाचा जन्म मार्च 1996 चा. इटलीची जास्मिन पाओलिनी जानेवारी 1996 ची, म्हणजे दोघींत तीन महिन्यांचाही फरक नाही. पाओलिनी 28 वर्षांची होईपर्यंत कुठल्याही ग्रँड स्लॅमच्या एकेरीत दुसऱ्या फेरीच्या पुढे गेली नव्हती, आणि 2024 ला त्याच बाईने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन अशा लागोपाठ दोन फायनल खेळल्या. एवढी वर्षं ती टिकली कशी? तिच्या फेडरेशनचं तिरेनियाला सेंटर आहे, तिथे ती लहान वयात गेली, आणि घराजवळ ट्रेनने जाऊन खेळता येतील अशा डझनावारी स्पर्धा तिच्या देशात होतात. आमच्याकडची मुलगी 28 व्या वर्षापर्यंत थांबूच शकत नाही, 19 व्या वर्षी रॅकेट परत आणून देते. ऋतुजासुद्धा मधली वर्षं टेक्सासला कॉलेज टेनिस खेळली, स्कॉलरशिपवर, आणि ते तिने चांगलंच केलं, माझ्या पोरींनाही मी तोच रस्ता सांगते. पण आपल्या सगळ्यात चांगल्या मुलींना खेळायला आणि शिकायला एकदमच मिळावं म्हणून अमेरिकाच गाठावी लागते हे आपल्याला बरं दिसतं का?

आता पैशाचं. आयटीएफने स्वतःच 2013 च्या आकड्यांवरून हिशोब मांडला होता की प्रोफेशनल टेनिस खेळायला बाईला वर्षाला सरासरी 40,180 डॉलर खर्च येतो आणि पुरुषाला 38,800, यात विमान, हॉटेल, जेवण, गटिंग, कपडे धुणं सगळं आलं पण कोचचा पगार नाही. आणि खर्च निघायला पुरुषाचा जागतिक यादीतला नंबर 336 पर्यंत असला तरी चालायचं, बाईला मात्र 253 पर्यंत यावं लागायचं. हे 2013 चे आकडे, तेव्हापासून काही स्वस्त झालेलं नाही. डब्ल्यू15 ला एकेरीत पहिल्या फेरीत हरणारीच्या हातात साधारण दीडशे डॉलर पडतात, तेवढ्यात हॉटेलच्या दोन रात्री निघतात न निघतात. 2025 च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही 66 हजार पौंड मिळाले. म्हणजे टेनिसमध्ये पैसा नाही असं नाहीये, वरच्या मजल्यावर भरपूर आहे, जिना मात्र प्रत्येकीने स्वतःच्या पैशाने बांधायचा.

आणि मुलीचा जिना जास्त महाग असतो हे तुमच्यातल्या कुणी कधी बोलताना मी ऐकलं नाही. मुलगे चौघं एका खोलीत झोपतात, रात्रीच्या स्लीपर बसने एकटे जातात, स्टेशनवर पथारी टाकतात, आईबाप म्हणतात जाऊ दे, पोरगा आहे. 17 वर्षांच्या मुलीबरोबर आई किंवा बाप जातोच, आणि मी त्यांना बोल लावणार नाही, मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते. म्हणजे मुलाचा खर्च एकाचा आणि मुलीचा खर्च दोघांचा, वर बापाचं दुकान आठवडाभर बंद किंवा आईची बिनपगारी रजा. तुमच्या कुठल्या योजनेत हा दुसरा माणूस धरलेला आहे? मी जेवढे फॉर्म भरले तेवढ्यात ‘खेळाडूचा प्रवास खर्च’ एवढाच रकाना होता.

दुसरी तक्रार, पैसे मंजूर झाले तरी ते नंतर येतात. बिलं जोडा, बोर्डिंग पास जोडा, हॉटेलची पावती जोडा, मग आठ महिन्यांनी, कधी वर्षाने. माझ्या आणखी एका विद्यार्थिनीच्या घरी असे पैसे आले तेव्हा ती खेळ सोडून सहा महिने झाले होते. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्यालाच नंतर परत मिळतात, अशी ही मदत आहे.

तिसरं, स्पर्धांचं सातत्य. 2012 ला पुण्यात बालेवाडीला महिलांची डब्ल्यूटीए 125 स्पर्धा, म्हणजे डब्ल्यू15 पेक्षा बरीच वरची, झाली, जिंकली कोण तर एलिना स्वितोलिना, तेव्हा ती 18 वर्षांची होती. 2017 ला मुंबईत सीसीआयवर, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर, परत तशी स्पर्धा झाली आणि जिंकली आर्यना सबालेन्का, वय 19! दोघी पुढे कुठे पोचल्या ते जगाने बघितलं. म्हणजे आपल्या मातीवर दुसऱ्यांच्या पोरी मोठ्या झाल्या, त्याचा मला आनंदच आहे, पण मुंबईची स्पर्धा 2018 नंतर जी थांबली ती थेट 2024 ला परत आली. त्याच काळात 2018 ते 2023 पुण्यात पुरुषांची एटीपी 250 ही मोठी स्पर्धा पाच वेळा झाली. ती व्हायला नको होती असं मी म्हणत नाही, मी स्वतः पोरांना घेऊन बघायला गेले. पण 2018 ला जी मुलगी 15 ची होती ती 2024 ला 21 ची झाली, तिची ती सहा वर्षं कोण परत देणार. उलट जिथे सातत्य राहिलं तिथे काय होतं तेही बघा, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर एनईसीसी या अंडी उत्पादकांच्या संस्थेच्या पाठिंब्याने महिलांची आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं होतेय, आणि पुण्याच्या मुलींना घरी झोपून सकाळी रिक्षाने जाऊन आंतरराष्ट्रीय मॅच खेळता येते. पुण्याचीच वैष्णवी आडकर 2025 ला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं ब्राँझ घेऊन आली. अशी स्पर्धा नागपूरला, संभाजीनगरला, कोल्हापूरला, आमच्या सोलापूरला दर वर्षी ठरलेल्या आठवड्यात का होऊ नये?

चौथं सांगायला मला संकोच वाटतो पण सांगते. जिल्ह्याच्या ज्या सार्वजनिक कोर्टवर आम्ही काही वर्षं शिकवत होतो तिथे मुलींच्या चेंजिंग रूममध्ये सिमेंटची पोती, जुनी नेट आणि रोलरचा मोडका दांडा ठेवलेला होता, दाराला कडी आतून नाही, बाहेरून. पाळीच्या दिवसात मुली घरूनच येत नसत. मी तीन वेळा लेखी दिलं, शेवटी आमचे मार्कर काका, म्हणजे कोर्ट सांभाळणारे आणि सरावाला खेळणारे, ते 60 च्या पुढचे आहेत, त्यांनीच एका रविवारी पोती बाहेर काढली आणि स्वतःच्या पैशाने कडी बसवली, 45 रुपयांची. सगळं कोटींचं काम नसतं हो.

वाईल्ड कार्डबद्दल, म्हणजे रँकिंग नसतानाही आयोजक जो थेट प्रवेश देतात त्याबद्दल, एकच सांगते, कुणाला का दिलं ते लिहून जाहीर करा, म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही.

एप्रिल 2025 मध्ये बालेवाडीला बिली जीन किंग कपच्या (आधीचा फेड कप) मॅचेस झाल्या तेव्हा मी सात मुलींना घेऊन गेले होते. श्रीवल्ली भामिदीपाटी एकेरीची एकही मॅच हरली नाही, संघात अंकिता होती, आपली प्रार्थना होती, आणि भारत प्लेऑफला गेला. परत येताना गाडीत कुणी झोपलं नाही. माझी ही विद्यार्थिनी, रॅकेट परत देणारी, ती त्या दिवशी खिडकीशी बसून वहीच्या मागच्या पानावर तिच्या पुढच्या स्पर्धांची यादी करत होती, समोर तिकिटाचे पैसे, त्याच्यासमोर पॉईंट. ती वही अजून तिच्याकडे आहे.

आता आम्हाला काय हवंय ते स्पष्ट लिहिते.

रँकिंगची अट 22 वर्षांखालच्या मुलींसाठी काढा. त्याऐवजी मागच्या 52 आठवड्यांत आयटीएफ स्पर्धेत मेन ड्रॉची एक मॅच जिंकली असेल तर ती पात्र, एवढीच अट ठेवा. पडताळणी आयटीएफच्या साईटवर दोन मिनिटांत होते, कागद जोडायचीसुद्धा गरज नाही.

पैसे आधी द्या. तिकीट आणि हॉटेल थेट तुम्ही बुक करा हवं तर, हातात रोख देऊ नका, हिशोब आम्ही नंतर पै न पै देऊ. आणि 18 च्या खालच्या मुलीबरोबर एका पालकाचा खर्च धरा.

आईबापांना दर वेळी जावंच लागू नये म्हणून चार-पाच मुलींचा गट करून त्यांच्याबरोबर एक कोच आणि एक फिजिओ पाठवा, दोघांपैकी एक तरी बाई हवी. पाच आठवड्यांचा एक दौरा, वर्षातून तीन दौरे. एका मोठ्या बक्षीस समारंभाचा मांडव, स्टेज आणि हारतुऱ्यांचा खर्च धरला तर एका दौऱ्याला बराच हातभार लागेल असा माझा अंदाज आहे.

राज्यात सलग चार आठवडे महिलांच्या चार स्पर्धा, डब्ल्यू15 किंवा डब्ल्यू35, चार वेगवेगळ्या शहरांत, आणि तारखा सहा महिने आधी जाहीर. कंपन्यांना माझी हात जोडून विनंती आहे की मेडल आल्यावर फोटोसाठी चेक घेऊन येता तसे या चार आठवड्यांसाठी या, पाच वर्षांचा शब्द देऊन या.

आणि प्रत्येक सार्वजनिक कोर्टवर मुलींसाठी स्वच्छ खोली, पाणी, आतून कडी आणि संध्याकाळी सातपर्यंत लाईट.

यातली पहिली मागणी फक्त एका सहीची आहे आणि तिला तारीख आहे. माझ्या विद्यार्थिनीचा पहिला पॉईंट येत्या फेब्रुवारीत गळतो, त्यानंतर तिच्याकडे एकाच स्पर्धेचे पॉईंट उरतील, एका मॅचवर काम भागणार नाही, आणखी दोन स्पर्धांमध्ये पॉईंट मिळवावे लागतील आणि ते ती करणार नाही, मी तिला ओळखते. तिच्या रॅकेट मी कुणाला दिलेल्या नाहीत. तुटलेलं गटिंग परवा करून घेतलं, 52 पौंडाच्या ताणावर, तिला लागतं तसं, पण तिला अजून सांगितलेलं नाही कारण तुमच्याकडून काही कळल्याशिवाय तिला परत आशेला लावायची माझी हिंमत नाही.

उत्तर लेखी द्या ही विनंती. बोलावलंत तर पुण्याला, मुंबईला कुठेही येईन, कागदपत्रं घेऊन येईन. रोज सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सात कोर्टवर असते, त्या वेळात फोन उचलता येत नाही, मधल्या वेळात कधीही करा.

आपली,
सोलापूर जिल्ह्यातली एक टेनिस कोच